दिएगो रिव्हेरा: ओल्या चुन्यावर रंगवलेला मेक्सिको

गेरूकाव

मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो हिचा चेहरा आता पिशव्यांवर, कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर सगळीकडे दिसतो. दिएगो रिव्हेराचं नाव मात्र बहुतेकांनी "फ्रिदाचा नवरा" म्हणून ऐकलेलं असतं. १९३० च्या सुमारास चित्र नेमकं उलटं होतं. जगाच्या लेखी चित्रकार तो होता आणि ती त्याची बायको. फ्रिदाला तिचं श्रेय मिळालं हे योग्यच झालं. पण त्या भरात रिव्हेराचं काम न पाहताच बाजूला पडलं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा. जमेल तेवढं लिहितो, बाकीची भर तुम्ही घाला.

जन्म ८ डिसेंबर १८८६, ग्वानाह्वातो या खाणींच्या गावी. जुळा भाऊ लहानपणीच वारला. मेक्सिको सिटीतल्या सान कार्लोस अकादमीत पोरवयातच दाखल झाला आणि १९०७ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर युरोपात गेला. मधला एक मायदेशी मुक्काम सोडला तर तब्बल १४ वर्षं तिकडेच. पॅरिसमध्ये मोदिग्लियानीने त्याची व्यक्तिचित्रं काढली, पिकासोशी मैत्री झाली आणि भांडणही झालं. १९१३ ते १९१७ या काळात तो पक्का घनवादी (क्यूबिस्ट) होता. १९१५ चं 'झापाटाच्या सैनिकाचं निसर्गचित्र' बघा (झापाटा म्हणजे मेक्सिकोच्या क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी): बंदूक, टोपी, रंगीत घोंगडी, मागे मेक्सिकोचे डोंगर, सगळं तुकड्यातुकड्यांत. हातात तंत्र पॅरिसचं आणि डोक्यात गाव अशी त्याची अवस्था त्यात सरळ दिसते.

वळण आलं इटलीत. १९२०-२१ च्या प्रवासात त्याने जोत्तो, उच्चेल्लो, पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या जुन्या इटालियन चित्रकारांची भित्तिचित्रं पाहिली. ज्यांना वाचता येत नाही अशा माणसांना अख्खी गोष्ट सांगणाऱ्या भिंती. इकडे मेक्सिकोत क्रांतीची दहा वर्षं नुकतीच संपली होती आणि बहुसंख्य जनता निरक्षर होती. शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना देऊ केल्या. १९२१ मध्ये रिव्हेरा परतला.

पहिलं भित्तिचित्र 'निर्मिती' (१९२२-२३) मला तितकंसं आवडत नाही. प्रभावळी, सोनेरी वर्ख, मेणात कालवलेले रंग. इटली अजून अंगावरून उतरलेली नाही. मग वास्कोन्सेलोस यांनी त्याला दक्षिणेला तेवांतेपेकला पाठवलं. तिथल्या बायका, बाजार, नदीवरच्या आंघोळी, ती झाडी पाहून आल्यावर त्याचा हात बदलला.

१९२३ मध्ये त्याने शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीचं काम हाती घेतलं. दोन चौक, तीन मजले, शंभराहून जास्त चित्रचौकटी. १९२८ पर्यंत चालू होतं. एक चौक श्रमाचा, एक सणांचा. माझा जीव अडकलेला आहे तो श्रमाच्या चौकातल्या शेजारशेजारच्या दोन चित्रांत. पहिल्यात खाणकामगार खांद्यावर लाकडी वासे घेऊन खाणीत उतरतायत. सगळे पाठमोरे, वाकलेले, चेहरे जवळपास नाहीतच. दुसऱ्यात ते वर आलेत आणि दारात एकाची झडती चालली आहे. सोनं-चांदी लपवून नेत नाही ना, हे बघायला मुकादम त्याचे खिसे चाचपतोय. कामगाराने दोन्ही हात आडवे पसरलेत, मान एका बाजूला कललेली. मेक्सिकोच्या चर्चमध्ये वाढलेल्या कुठल्याही माणसाला क्रुसावरचा येशू ओळखायला क्षणही लागत नाही, आणि पहिल्या चित्रातले ते खांद्यावरचे वासे काय होते तेही मग लख्ख कळतं. कुठे क्रूस काढलेला नाही, काही लिहिलेलं नाही.

त्याची शैली म्हणजे माझ्या मते हीच. गोलसर, भरीव देह. पाठी तर इतक्या की पाठीचा एवढा मोठा चित्रकार दुसरा कुणी झाला नसेल. कडक सावल्या नाहीत. टोप्यांची वर्तुळं एकामागे एक लावून उभी केलेली गर्दी. खोली दाखवण्याऐवजी माणसं वरवर रचत नेलेली, त्यामुळे भिंतीला भोक पडल्यासारखं वाटत नाही, भिंत भिंतच राहते. यातलं बरंचसं त्याने स्पॅनिशांच्या आधीच्या शिल्पांतून उचललं, आणि बरंचसं चुन्याने त्याला शिकवलं. चुन्याबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं अशी विनंती.

घाणीचा चुना

विनंती मान्य. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत चुन्याचं काम करतो, त्यामुळे रिव्हेरा मला चित्रकार म्हणून नंतर आणि गवंड्यांचा माणूस म्हणून आधी आवडला.

कळीचा चुना पाण्यात विझवायचा आणि मुरत ठेवायचा. जितका जुना तितका लोण्यासारखा. त्यात वाळू किंवा संगमरवराची पूड घालून भिंतीवर थर चढवायचे, खालचा खडबडीत, वरचे बारीक होत गेलेले. शेवटचा थर मात्र आज जेवढं रंगवून होणार तेवढ्याच जागेवर. तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात खललेला रंग लावायचा. डिंक नाही, सरस नाही, तेल नाही. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा परत चुनखडक होतो. रंगाचे कण त्या दगडात अडकतात. म्हणजे रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच होतो.

आता याचे परिणाम बघा. गिलावा काही तास रंग पितो, मग थांबतो. रिव्हेराचे गवंडी मध्यरात्रीनंतर शेवटचा थर चढवायचे, मदतनीस भोकं पाडलेल्या कागदावरून रंगाच्या पुडीची पुरचुंडी आपटून खाका उमटवायचे आणि पहाटे तो पहाडावर, म्हणजे परांचीवर, चढायचा. आधी नुसत्या काळ्याने सगळे उठाव काढून घ्यायचा, मग दिवसाच्या उजेडात रंग. एकदा बसला की दहा-बारा तास उठायचा नाही. चुकलं तर वरून दुरुस्ती नाही, तेवढा गिलावा खरवडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. गेरूकाव, तुम्ही म्हणता त्या कडेने बांधलेल्या, भरीव आकृत्या याच्याशी जोडून बघा. आजच्या तुकड्याची कड उद्याच्या तुकड्याला भिडायची आहे. ती पाठीच्या नाहीतर टोपीच्या रेघेवर संपवली तरच सांधा लपतो. धुरकट, विरघळत जाणारी चित्रं या कामाला गैरसोयीची.

रंगही चुना ठरवतो. तो जहाल असतो, पुष्कळ रंग खाऊन टाकतो. काव, गेरू, पिवळी माती, काजळी, कोबाल्टचा निळा असे मोजके टिकतात. म्हणून त्या चित्रांना मातीचा सूर आहे.

मंत्रालयाच्या कामात सुरुवातीला त्याने निवडुंगाचा चीक रंगात घालून पाहिला होता. स्थानिक जुनी युक्ती म्हणून गाजावाजाही झाला. पण तो सेंद्रिय पदार्थ कुजून डाग पडायला लागले, मग सरळ इटालियन रीत धरली.

मनमाडकर

सुंदर माहिती. मग आपलं अजिंठा याच रीतीचं ना?

घाणीचा चुना

नाही. अजिंठ्याला मातीचा गिलावा आहे, त्यात भुसा, तूस, गवताचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग कोरड्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तिथल्या चित्रकाराला थांबून, परत येऊन काम करता येत होतं, म्हणून त्या बोटांच्या आणि डोळ्यांच्या नाजूक रेषा. ओल्या चुन्यावर रंगवायची आपल्याकडची नामांकित परंपरा राजस्थानातली, आराइश.

वर्धाकर

या धाग्यावर पांडुरंग खानखोजे यांचं नाव यायलाच हवं.

खानखोजे मूळचे आमच्या वर्ध्याचे, जन्म १८८४. लोकमान्यांच्या प्रभावाखाली क्रांतिकार्यात पडले, जपानमार्गे अमेरिकेत गेले, तिथे शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीच्या पहिल्या फळीत होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाची दारं बंद झाल्यावर १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाचे फोटो काढलेले आहेत.

आता जोड बघा. त्याच चापिंगोत, त्याच सुमारास (१९२४ ते १९२७), रिव्हेरा तिथलं जुनं प्रार्थनागृह रंगवत होता. अनेकांच्या मते ते त्याचं सर्वांत देखणं काम. समोरच्या भिंतीवर पृथ्वी म्हणून पहुडलेली गरोदर स्त्री आहे, ती त्याची तेव्हाची पत्नी ग्वादालुपे मारीन. जमिनीत पुरलेल्या क्रांतिकारकांच्या देहांवर मका उगवलेला आहे. विद्यालयाच्या इमारतीत त्याने लिहूनच ठेवलंय की इथे जमिनीतून पीक काढायला शिकवतात, माणसाला पिळायला नाही.

पुढे शिक्षण मंत्रालयाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्याने 'आमची भाकर' हे चित्र काढलं. टेबलाभोवती कामकरी माणसं बसलेली आणि मधोमध भाकर मोडून वाटणारा माणूस. तो खानखोजे. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक वऱ्हाडी माणूस सगळ्यांना अन्न वाटतोय, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याचा पत्ता नाही. मला याचा अभिमानही वाटतो आणि संतापही येतो. स्वातंत्र्यानंतर ते परत आले, नागपूरला राहिले आणि १९६७ मध्ये गेले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभारला गेला, अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांनी केलं.

गेरूकाव

वर्धाकर, मनापासून आभार. एक जोडतो. त्या वरच्या मजल्यावरची मालिका क्रांतीच्या पोवाड्यासारखी आहे. चित्रांच्या वरून लाल फितीवर गाण्याच्या ओळी धावतात. याच मालिकेत शस्त्रं वाटणारी लाल सदऱ्यातली तरुण फ्रिदा आहे. आणि वॉल स्ट्रीटची मेजवानीही: रॉकफेलर, फोर्ड आणि मॉर्गन जेवायच्या टेबलावर शेअरभावाची पट्टी वाचत बसलेत. एका चित्रात भाकर, दुसऱ्यात पैशाची पट्टी. खानखोजे कुठल्या टेबलावर बसलेत हे लक्षात घेतलं की त्यांच्याबद्दल रिव्हेराला काय वाटत होतं ते कळतं.

दूरदेशी

मी मिशिगनमध्ये राहते. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयातल्या रिव्हेराच्या दालनाबद्दल लिहिते, कारण इथे गाडीच्या कारखान्यांत काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या अनेकांनी ते पाहिलेलं नसतं.

एप्रिल १९३२ मध्ये तो इथे आला तेव्हा मंदीने शहर उद्ध्वस्त झालं होतं. महिनाभर आधीच, ७ मार्चला, फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यावर गेलेल्या बेकारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसं मेली होती. आणि त्याला पैसे देणारा होता हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल. रिव्हेराने त्या कारखान्यात आठवडेच्या आठवडे हिंडून रेखाटनं केली आणि मार्च १९३३ पर्यंत चारी भिंतींवर २७ चौकटी पूर्ण केल्या.

उत्तरेच्या भिंतीवर फोर्डचं व्ही-आठ इंजिन तयार होतंय, दक्षिणेच्या भिंतीवर गाडीचा सांगाडा. माझा नवरा याच क्षेत्रातला. तो तिथे उभा राहून एकेक यंत्र ओळखत होता: हे ओतकाम, हे भोकं पाडायचं, ही पट्ट्यावरची जुळणी. यंत्रं खरी आहेत, फक्त मधली अंतरं काढून टाकून सगळी एकमेकांत गुंफली आहेत. दक्षिणेच्या भिंतीवरचा पत्रे ठोकणारा अजस्र प्रेस नीट बघा. त्याचा आकार आझ्टेकांच्या कोआत्लिक्वे देवीच्या मूर्तीवरून घेतलाय. त्याला यंत्राची भीतीही वाटत होती आणि भक्तीही. सगळ्यात वर चार भव्य स्त्रिया आहेत, चार वर्णांच्या, आणि पोलादासाठी लागणारी चार द्रव्यं: लोहखनिज, कोळसा, चुनखडी, वाळू. घाणीचा चुना यांना तिथे नक्की भेटायला आवडेल.

खूप वादळ उठलं. एका छोट्या चौकटीत बाळाला लस टोचतायत. परिचारिका, डॉक्टर, पुढ्यात घोडा, बैल, मेंढ्या, मागे तीन शास्त्रज्ञ. येशूजन्माची चेष्टा केली म्हणून धर्मगुरू भडकले, भिंती पांढऱ्या करा म्हणाले. एडसेल फोर्ड ठाम राहिला आणि कामगार पाठीशी उभे राहिले, म्हणून चित्रं वाचली. २०१३ मध्ये शहराचं दिवाळं निघाल्यावर संग्रहालयातली चित्रं विकायची भाषा झाली, तेव्हा पुन्हा छातीत धस्स झालं होतं. ही भिंत तर उचलून नेता येत नाही, पण तिच्याभोवतीचं सगळं गेलं असतं.

याच शहरात जुलै १९३२ मध्ये फ्रिदाचा गर्भपात झाला. ती इथे अजिबात रमली नव्हती.

अक्षरवेल

सगळं वाचलं, आवडलं. पण दोन गोष्टी मला खटकतात आणि त्या बोलल्या जाव्यात. एक, १९२८ ला रॉकफेलर-फोर्डला भिंतीवर फटकारायचं आणि चार वर्षांनी त्यांच्याच पैशावर भिंती रंगवायच्या, हे काय? दुसरं, बायकांशी त्याचं वागणं. पॅरिसमध्ये अँजेलिना बेलोफने त्याच्या पडत्या काळात संसार केला, त्यांचं तान्हं मूल गेलं, आणि हा परत गेला तो तिला मागे ठेवूनच. दुसऱ्या बाईपासून झालेली मारीका ही मुलगीही तिकडेच राहिली. फ्रिदाच्या सख्ख्या बहिणीशी, क्रिस्तिनाशी, संबंध ठेवले. कलावंत थोर म्हणून हे सगळं पोटात घालायचं का?

गेरूकाव

अक्षरवेल, दुसऱ्या मुद्द्यावर मी त्याची वकिली करणार नाही. त्याने जवळच्या माणसांना फार दुखावलं. १९३९ ला त्याचा आणि फ्रिदाचा घटस्फोट झाला, डिसेंबर १९४० मध्ये दोघांनी पुन्हा लग्न केलं, म्हणून आधीचं दुःख खोटं ठरत नाही. चित्रं बघताना हे विसरावं असं मला वाटत नाही.

पहिल्या मुद्द्याला मात्र उत्तर आहे, आणि ते न्यूयॉर्कच्या भिंतीवर मिळतं. रॉकफेलर सेंटरच्या दर्शनी दालनात १९३३ मध्ये तो 'चौरस्त्यावरचा माणूस' रंगवत होता. त्यात लेनिनचा चेहरा आला. ४ मे ला नेल्सन रॉकफेलरचं पत्र आलं, की कृपया इथे एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा घालावा. रिव्हेरा म्हणाला, हवं तर दुसऱ्या बाजूला लिंकन काढतो, लेनिन पुसणार नाही. पाच दिवसांनी उरलेले पैसे हातावर ठेवून त्याला पहाडावरून उतरवलं, चित्र पडद्याआड गेलं आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये रातोरात फोडून टाकलं. ल्युसिएन ब्लॉक या त्याच्या सहायिकेने चोरून फोटो काढले होते, तेवढे उरले. त्याच वर्षी त्याने मेक्सिको सिटीच्या ललित कला भवनात ते पुन्हा रंगवलं आणि या वेळी थोरल्या रॉकफेलरच्या मुलालाही दारूच्या मैफलीत बसवलं.

पैसे घेतले, हो. पण ज्याचे घेतले त्याच्या मर्जीखातर भिंतीवरचं एक डोकं बदललं नाही. तरीही तुमचा आक्षेप त्याच्या काळातही होताच. कम्युनिस्ट पक्षाने त्याला १९२९ मध्येच काढलं होतं आणि त्याच्याच पिढीचा भित्तिचित्रकार सिकेइरोस १९३४ मध्ये जाहीर लेख लिहून त्याच्यावर तुटून पडला होता.

पानगळ

सिकेइरोसचं नाव आलंच आहे तर मेक्सिकोचा तिसरा मोठा भित्तिचित्रकार ओरोस्को याच्याबद्दल बोलायचं होतं. तिघांत मला तोच थोर वाटतो. ग्वादालाहाराच्या ओस्पिसिओ काबान्यासच्या घुमटातला जळणारा माणूस ज्याने पाहिला तो रिव्हेराकडे फारसा वळणार नाही. रिव्हेराचे मूळनिवासी सगळे निर्मळ आणि सुंदर, स्पॅनिश सगळे क्रूर. ओरोस्को कुणालाच सोडत नाही, क्रांतीलाही नाही.

गेरूकाव

इतिहास तो सोपा करून सांगतो हे मान्य. राष्ट्रीय प्रासादाच्या जिन्यावरच्या त्या प्रचंड चित्रात (१९२९ ते १९३५) बाजू ठरलेल्या आहेत. पण वरच्या मजल्यावर त्याने १९४५ मध्ये त्लातेलोल्कोचा बाजार रंगवलाय तो बघा. मका, मिरच्या, मासे, औषधी मुळ्या, दातांची तपासणी करणारा, मागे पाण्यात वसलेली आझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान. तिथे बाजू घेणं संपतं आणि निव्वळ बघण्याचा आनंद सुरू होतो. ओरोस्को मला हादरवतो. रिव्हेरासमोर मी जास्त वेळ उभा राहतो.

मनमाडकर

आपले चित्रकार सतीश गुजराल १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेले होते ना? तिथे रिव्हेरा आणि सिकेइरोस दोघांकडे शिकले असं वाचल्याचं आठवतं. पुढे त्यांनी भारतात केलेल्या भित्तिशिल्पांत तो संस्कार असणार.

आणि एक विचारायचं होतं. मेक्सिको सिटीत दोनच दिवस हाताशी असले तर काय बघावं?

गेरूकाव

हो, गुजराल तिथेच शिकले. फाळणीची चित्रं करून झाल्यावर ते गेले होते, आणि मोठ्या भिंतीचं वेड त्यांना तिथेच लागलं.

दोन दिवसांसाठी: पहिली सकाळ शिक्षण मंत्रालयाला द्या, २०२४ पासून तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय आहे. खाणकामगार तळमजल्यावर, खानखोजे सर्वांत वर. तिथून चालत ललित कला भवन, म्हणजे फोडलेल्या चित्राचा दुसरा जन्म बघता येईल, आणि त्याच मजल्यावर ओरोस्को आणि सिकेइरोसही आहेत, पानगळ यांचा वाद जागेवरच सोडवता येईल. लागूनच आलामेदा बाग आहे. तिच्या पलीकडच्या टोकाला 'आलामेदा बागेतल्या रविवार दुपारचं स्वप्न' (१९४७). हे मूळचं देल प्रादो हॉटेलातलं. 'देव अस्तित्वात नाही' हे शब्द त्यात होते म्हणून कित्येक वर्षं झाकून ठेवलं होतं. १९५६ मध्ये रिव्हेराने स्वतः ते शब्द काढले. १९८५ च्या भूकंपात हॉटेल गेलं, चित्र वाचलं आणि त्याच्यासाठी वेगळं संग्रहालय बांधलं. मधोमध 'कात्रीना', म्हणजे नटूनथटून उभा असलेला बाईचा सांगाडा, तिचा हात धरून पोरगेला दिएगो, मागे फ्रिदा.

दुसरा दिवस चापिंगोसाठी ठेवा, शहराबाहेर आहे, जाऊन-येऊन दिवस मोडतो. निघण्यापूर्वी विद्यालयात चौकशी करून प्रार्थनागृह कधी उघडं असतं ते विचारून घ्या.

वर्धाकर

आणि चापिंगोला गेलात तर खानखोजे यांच्या पुतळ्याचा एक फोटो या धाग्यावर नक्की टाका.